ध्वज आणि झेंडा : भिलाईच्या परिसरातून एक विचार

राष्ट्रध्वजाविषयी आपल्या भाषांत आजवर जे लेखन झाले, त्याचे स्थूलमानाने दोनच प्रकार दिसून येतात. एक स्तुतिपर, दुसरा नियमपर. पहिल्यात रंगांचे अर्थ सांगितलेले असतात. दुसऱ्यात केशरी पट्टी वर असावी, लांबी व रुंदी यांचे प्रमाण ३:२ असावे, चक्राला २४ आरे असावेत, ध्वजाचा स्पर्श जमिनीला वा पाण्याला होऊ नये, त्यावर अक्षरे लिहू नयेत, असे विधिनिषेध असतात. दोन्ही प्रकार आपापल्या जागी आवश्यक आहेत. तथापि ध्वज आणि माणूस यांचा संबंध भाषा कोणत्या क्रियापदांनी व्यक्त करते, हा प्रश्न या दोहोंच्या कक्षेबाहेर राहतो. वस्तुतः ध्वजाचा यथोचित उपयोग कोणता, याचा निर्णय बऱ्याच अंशी याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे. हा प्रश्न भाषा-साहित्याच्या अभ्यासकांचा आहे, आणि तो विचारावयास भिलाईइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल.

सोयीचे अशासाठी की, छत्तीसगढच्या दुर्ग जिल्ह्यातील या पोलादनगरीच्या आसमंतात अनेक निशाणे एकाच आकाशाखाली नांदत आली आहेत. कारखाना, कचेरी आणि शाळा यांवर तिरंगा. कामगार संघटनांच्या सभांवर लाल झेंडा. दल्ली-राजहराच्या ज्या खाणींतून भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज मिळत आले, तेथील श्रमिकांच्या चळवळीतून निघालेला लाल-हिरवा झेंडा. सतनामी वस्त्यांतून जैतखामावर डोलणारा पांढरा पालो. आणि या सर्वांच्या मागे, भोसल्यांच्या अमलापासून या मुलखात स्थिरावलेल्या मराठी घरांच्या स्मृतीतला भगवा. पंधरा ऑगस्टच्या सकाळी अशा मराठी घरातील माणूस ‘झेंडावंदनाला’ निघतो, त्याचा शेजारी ‘झंडा फहराने’ जातो आणि दोघेही ज्या परिपत्रकाप्रमाणे जातात त्यात ‘ध्वजारोहण’ असा शब्द असतो. कार्यक्रम एकच, पण तीन शब्दांतून तीन नाती व्यक्त होतात.

मराठीत या वस्तूला जितकी नावे आहेत तितकी ती वस्तू आपल्याला निरनिराळ्या काळी निरनिराळ्या हातांत भेटली आहे. ध्वज हा देवालयाचा, रथाचा आणि शास्त्राचा. पताका वारकऱ्याच्या खांद्यावरची, आणि तिच्याच कुळातला संतवाणीत येणारा गरुडटका. निशाण फारसीतून आले. त्याचा मूळ अर्थ नुसती खूण. फौजेच्या आघाडीच्या हत्तीवर ते चढले आणि खुणेचे चिन्ह झाले. जरीपटका हा मराठी सत्तेचा मानबिंदू. तो कोणी कोठे न्यावा यालाही मान होता. बावटा हा शब्द जुना खरा, पण विसाव्या शतकात गिरणी कामगारांनी तो असा काही आपलासा केला की ‘लाल’ हे विशेषण त्याला जणू जन्मतः चिकटलेले वाटावे. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांच्या कलापथकाचे नावच लाल बावटा. आणि झेंडा? तो या सर्वांच्या उपयोगी पडणारा, कोणाचाही असणारा, बोलण्यातला शब्द. तो गावच्या जत्रेचा असतो, पक्षाचा असतो, क्रिकेटच्या मैदानावरचा असतो आणि देशाचाही असतो.

नामांपेक्षा क्रियापदे अधिक बोलकी आहेत. ध्वजाचे आरोहण होते, त्यास वंदन केले जाते, त्याचा मान राखला जातो. या सर्व क्रियांत ध्वज वर आहे आणि माणूस खाली. झेंडा मात्र लावला जातो, रोवला जातो, उभारला जातो, खांद्यावर घेतला जातो, मिरवला जातो, हातोहात पुढे दिला जातो. येथे माणूस आणि झेंडा एकाच उंचीवर, पुष्कळदा एकाच वाटेवर असतात. ‘झेंडावंदन’ हा समास व्याकरणाच्या कर्मठांना खटकेल. एक पद बोलीतले, दुसरे तत्सम. पण त्यात ही दोन्ही नाती एकत्र आली आहेत, आणि मराठी शाळांनी तो शब्द सोडला नाही हे भाषेच्या दृष्टीने शहाणपणाचेच झाले. राष्ट्रध्वजाच्या इतिहासातील महत्त्वाचे प्रसंग पाहिले तर ते वंदनाचे प्रसंग क्वचित आहेत. ते वाहून नेण्याचे प्रसंग आहेत.

त्यांतील सर्वांत ठळक प्रसंग नागपूरचा. १९२३ साली दुर्ग आणि नागपूर हे जिल्हे एकाच मध्यप्रांतात होते, म्हणून नागपूरच्या झेंडा सत्याग्रहाची कथा ही भिलाईच्या भूमीलाही परकी नव्हे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये जबलपुरास नगरपालिकेच्या इमारतीवर झेंडा लावण्यावरून तंट्याला तोंड फुटले होते. नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यावरून झेंडा घेऊन जाण्यास बंदी झाली आणि १ मे १९२३ पासून स्वयंसेवकांच्या तुकड्या दररोज त्या रस्त्याकडे जाऊ लागल्या. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, तेव्हा सूत्रे वल्लभभाई पटेलांकडे आली. विनोबांचा पहिला कारावास याच सत्याग्रहातला. नागपूर आणि अकोला ही दोन्ही ठिकाणे त्यांना त्यानिमित्त पाहावी लागली. दीड हजारांहून अधिक सत्याग्रही पकडले गेले आणि अखेर १८ ऑगस्टला झेंडा घेतलेली मिरवणूक त्या रस्त्यावरून पार झाली.

या लढ्यात मागणी काय होती, हे नीट पाहिले पाहिजे. सरकारी इमारतीवर झेंडा चढवू द्या, अशी मागणी नागपुरात नव्हती. सार्वजनिक रस्त्यावरून तो हातात घेऊन चालू द्या, एवढीच होती. अडीच-तीन फुटांची काठी, तीवर खादीचा तुकडा, आणि सामान्य माणसाने कोणत्या रस्त्याने चालावे हा प्रश्न. लोकांनी या लढ्याला ‘झेंडा सत्याग्रह’ म्हटले. ‘ध्वज सत्याग्रह’ हे त्याचे संस्कृतीकरण पुढे ग्रंथांतून झाले. ते अशुद्ध आहे असे नव्हे, पण त्यात रस्ता हरवतो आणि खांब शिल्लक राहतो.

तो झेंडाही आजचा नव्हता. वर पांढरी, मध्ये हिरवी व खाली तांबडी पट्टी आणि त्यांवर चरखा, असे त्याचे रूप होते. गांधीजींनी एप्रिल १९२१ मध्ये ‘यंग इंडिया’त त्याचे विवेचन केले होते. पिंगली वेंकय्या यांचा आराखडा आणि जालंदरच्या लाला हंसराज यांची चरख्याची सूचना त्यामागे होती. रंगांचे अर्थ त्या वेळी धर्मसमुदायांशी जोडले गेले आणि तेच पुढे वादाचे मूळ झाले. १९३१ मध्ये काँग्रेसने सात जणांची समिती नेमली. तिच्यात नेहरू, पटेल, आझाद, मास्टर तारासिंग, पट्टाभि सीतारामय्या यांच्यासमवेत डॉ. ना. सु. हर्डीकर आणि काका कालेलकर हेही होते. कालेलकर जन्माने मराठी आणि लेखनाने मुख्यतः गुजराती. भारतीय साहित्यांच्या परस्परसंबंधांचे उदाहरण म्हणून त्यांचे नाव नेहमी घेतले जाते, परंतु ध्वजसमितीतील त्यांचे सभासदत्व साहित्याच्या इतिहासात सहसा येत नाही. या समितीने संपूर्ण केशरी रंगाचा, चरखा असलेला झेंडा सुचविला. काँग्रेसने ऑगस्ट १९३१ मध्ये तो न स्वीकारता केशरी, पांढरा आणि हिरवा असा तिरंगा निळ्या चरख्यासह मान्य केला आणि रंगांना कोणताही जातीय अर्थ नाही, असे ठरावातच नमूद केले.

हा निर्णय अर्थशास्त्राचा नसून अर्थविचाराचा होता. शब्दाचा वा चिन्हाचा अर्थ ठरावाने बदलता येतो का? भाषाभ्यासक साशंक राहील, आणि त्याला कारणही आहे, कारण आजही शाळकरी भाषणांतून १९२१ चा अर्थ डोके वर काढतोच. तरीही १९३१ च्या ठरावाने एक मोठे काम केले. कोणत्याही एका समुदायाला ‘ही पट्टी माझी’ असे म्हणण्याचे कारण त्याने ठेवले नाही, आणि म्हणूनच तीनही पट्ट्या सर्वांच्या झाल्या. एकरंगी केशरी झेंडा देखणा झाला असता. पण छत्तीसगढच्या या भागात त्याचा अर्थ भोसल्यांच्या स्मृतीवाचून वेगळा काढणे कठीण गेले असते. मराठी माणूस ‘अटकेपार झेंडे लावले’ हे अभिमानाने म्हणतो. १७५८ ची ती आठवण आहे. पण १७४१ मध्ये भास्करराम कोल्हटकर रतनपूरवर चालून आले, त्या वेळी तटावरून राणीने शरणागतीचे निशाण दाखविले, ही जुन्या अहवालांतील नोंदही तितकीच मराठी इतिहासाची आहे. ज्या झेंड्याला एक जण विजय म्हणतो त्यालाच दुसरा वसुली म्हणतो. छत्तीसगढात वाढलेल्या मराठी मुलाला हा वाक्प्रचार शिकविताना ही दुसरी बाजूही सांगावी.

पुढे २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने आजचा ध्वज स्वीकारला आणि चरख्याच्या जागी अशोकाचे चक्र आले. नेहरूंनी दिलेले कारण अगदी व्यावहारिक होते. ध्वज दोन्ही बाजूंनी सारखा दिसला पाहिजे, आणि संपूर्ण चरखा तसा दिसत नाही. चाक ठेवले म्हणजे चरख्याचा अंशही राहतो आणि इतिहासाचा धागाही मिळतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. गांधीजींना तो पटला नाही. चरखा नसलेल्या ध्वजाला आपण वंदन करणार नाही, असे त्यांनी ऑगस्ट १९४७ मध्ये स्पष्ट बोलून दाखविले. मध्यप्रांत-वऱ्हाडातून निवडून गेलेले ह. वि. कामथ यांनी चक्रात स्वस्तिक असावे अशी उपसूचना दिली होती. प्रत्यक्ष ध्वज पाहिल्यावर त्यांनी ती मागे घेतली.

चरखा गेला आणि चाक राहिले, याचा अर्थ काय झाला, ते पाहावयाचे तर भिलाईस यावे. सोव्हिएत संघाशी या पोलाद कारखान्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. दुर्ग तेव्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी अद्याप नागपूर होती आणि त्या राज्याच्या भाषा हिंदी व मराठी या दोन होत्या. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने नागपूर वेगळे झाले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. १९४७ च्या ध्वजसमितीचे अध्यक्षही राजेंद्रप्रसादच होते. चरखा काढून ज्यांनी चाक ठेवले, त्यांनीच बारा वर्षांनी भट्टी पेटविली. हा योगायोग असला तरी अर्थशून्य नाही. ध्वजाचे कापड मात्र त्यानंतरही साठ वर्षांहून अधिक काळ खादीचेच राहिले. पोलादाचा खांब आणि हातसुताचे कापड ही जोडी म्हणजे स्वातंत्र्योत्तर भारताने दोन विचारांत केलेली तडजोड होती, आणि ती नियमात लिहिलेली होती. भारतीय मानकांच्या यादीत क्रमांक १ चे मानक पोलादाचे नाही, सिमेंटचेही नाही. ते राष्ट्रध्वजाचे आहे. धाग्याची जाडी, रंगाचा पक्केपणा, शिलाई, सारे त्यात ठरविलेले आहे.

भिलाईतील दुसऱ्या एका ध्वजाची आठवण येथे ओघाने येते. ज्या देशाच्या साहाय्याने कारखाना उभा राहिला, त्याचा विळा-हातोड्याचा ध्वज डिसेंबर १९९१ मध्ये क्रेमलिनवरून उतरला तो कायमचा. दोन राष्ट्रांचे ध्वज सारख्या उंचीवर असावेत, एकावर दुसरा चढवू नये, हा सर्व जगाचा शिष्टाचार आहे. परंतु त्यांतले एक राष्ट्रच नाहीसे झाले तर काय करावे, हे कोणतीही संहिता सांगत नाही. भिलाईत मैत्रीबाग हे उद्यानाचे नाव तेवढे शिल्लक आहे. असो.

संविधान सभेतील त्या दिवसाच्या भाषणांपैकी एक मात्र छत्तीसगढच्या संदर्भात पुन्हा पुन्हा वाचावे असे आहे. ते जयपालसिंग मुंडा यांचे. झेंडे उभारणे ही सुसंस्कृत म्हणविणाऱ्यांचीच मिरासदारी आहे, असा सभागृहाचा समज दिसतो, पण आदिवासी हे सर्वांच्या आधीपासून आपल्या झेंड्यांसाठी लढत आले आहेत, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या प्रदेशात प्रत्येक गावाचा स्वतःचा झेंडा असतो आणि एकाची नक्कल दुसऱ्याने केली तर तंटा होतो, हेही सांगितले. आणि एवढे सांगून त्यांनी नव्या ध्वजाचे स्वागत केले. जयपालसिंगांच्या दृष्टीने गावाचा झेंडा आणि देशाचा ध्वज यांत स्पर्धा नव्हती. ज्याला आपला झेंडा राखणे ठाऊक आहे, तोच देशाचा झेंडाही राखू शकेल, असा त्या भाषणाचा आशय आहे.

गुरू घासीदासांच्या सतनाम पंथाचा जैतखाम या दृष्टीने पाहावा. ‘जैत’ म्हणजे विजय. जुन्या मराठीला हा शब्द परिचित आहे, आणि ‘खाम’ म्हणजे आपला खांब. पांढऱ्या खांबावर पांढरे निशाण. त्याला पालो म्हणतात. १८ डिसेंबरला गुरूंच्या जयंतीच्या सुमारास जुना पालो उतरवून नवा चढविला जातो. गिरौदपुरीचा नवा जैतखाम कुतुबमिनाराहून उंच आहे. पण वस्तीतला साधा लाकडी खांबही मानाच्या दृष्टीने त्याहून कमी नाही. जातीच्या उतरंडीत ज्यांना खाली लेखले गेले त्यांनी आपल्या दारी उभारलेले हे समतेचे निशाण आहे. २०२४ च्या मे महिन्यात गिरौदपुरीजवळ जैतखामांची मोडतोड झाली, आणि जूनमध्ये बलौदाबाजारला असंतोषाचा जो भडका उडाला त्यात जिल्हा कचेरीची इमारत जळाली. हिंसेचे समर्थन कोणी करू नये. पण एका लाकडी खांबासाठी एवढा क्षोभ का, असे विचारणाऱ्यांनी नागपूरच्या अडीच फुटी काठीची आठवण ठेवावी.

लाल-हिरव्या झेंड्याचे असेच. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील छत्तीसगढ मुक्ती मोर्चाने लाल रंग कामगारांचा आणि हिरवा शेतकऱ्यांचा मानला. २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगींची भिलाईतच हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी येथील रेल्वेमार्गावर बसलेल्या कामगारांवर पोलिसांचा गोळीबार झाला आणि त्यात अनेकांचे प्राण गेले. या चळवळीचे मूल्यमापन हा येथील विषय नाही. रंगांची निवड मात्र चिन्हाभ्यासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. जगभर एकरंगी असलेल्या कामगारांच्या लाल बावट्याला छत्तीसगढच्या धानपट्ट्यात हिरवी जोड द्यावी लागली, कारण येथील कामगार खाणीतून घरी जातो तो शेतावर. परदेशी चिन्हाचे देशीकरण म्हणतात ते हेच.

आता राष्ट्रध्वजाशेजारी दुसरा झेंडा अधिक उंच वा त्याच्या बरोबरीने असू नये, हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. परंतु ‘अधिक उंच नको’ याचा अर्थ ‘असूच नको’ असा लावण्याची वृत्ती अलीकडे वाढत आहे. लाल झेंडा, निळा झेंडा, पालो, गावदेवाचे निशाण, यांतील कोणतेही दिसले की तिरंग्याचा अवमान झाला असे मानणारा एक वर्ग तयार झाला आहे. गंमत अशी की, हा वर्ग बहुधा स्वतःच्या झेंड्याला या हिशेबातून वगळतो. त्याला भारतीय नाट्यशास्त्रातील एक संज्ञा आठवून द्यावीशी वाटते. नाटकाच्या मुख्य कथावस्तूला साहाय्य करीत दूरवर चालणाऱ्या उपकथानकाला आपल्या आचार्यांनी ‘पताका’ म्हटले. रामकथेत सुग्रीवाचा वृत्तांत ही पताका. ती काढून टाकली तर राम मोठा होत नाही, सेतूच बांधला जात नाही. जैतखामावरचा पालो आणि श्रमिकांचा लाल-हिरवा हे भारतीय कथावस्तूतील पताकास्थानी आहेत. त्यांना शत्रुपक्षात ढकलणे हे राजकारण म्हणून घातक आहेच, पण शास्त्र म्हणूनही चूक आहे.

नागरिक आणि राष्ट्रध्वज यांच्यातील अंतर कमी करणारा दुसरा लढाही याच प्रदेशातला, आणि पोलादाच्याच संदर्भातला. रायगड — कोकणातला नव्हे, छत्तीसगढचा — येथील कारखान्याच्या कचेरीवर उद्योजक नवीन जिंदल राष्ट्रध्वज लावीत असत. ठराविक दिवस सोडून खाजगी जागी ध्वज लावता येणार नाही, असे सांगून बिलासपूरच्या आयुक्तांनी त्यास हरकत घेतली. प्रकरण न्यायालयात गेले. १९९५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आणि २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नागरिकाच्या बाजूने निकाल दिला. मान राखून राष्ट्रध्वज लावणे हा संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदातील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, मात्र तो अनिर्बंध नाही, असा त्याचा सारांश. दरम्यान २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता अमलात येऊन सामान्य नागरिकाला वर्षभर ध्वज लावण्याची मुभा मिळालेली होती. येथे वादी सत्याग्रही नव्हता, कारखानदार होता. तुरुंग नव्हता, वकील होते. लढ्याची प्रतवारी निराळी आहे, हे उघड आहे. परंतु स्वतंत्र भारतात पंचावन्न वर्षे नागरिकाला आपल्याच देशाचा झेंडा आपल्याच दारावर रोज लावता येत नव्हता, ही गोष्ट विचित्र होती आणि ती दूर झाली हे इष्टच झाले. ब्रिटिशांनी झेंडा रस्त्यावरून अडविला. आपण तो आदराच्या नावाखाली सरकारी खांबावर अडकवून ठेवला.

मुक्तीनंतर जे झाले ते मात्र सगळे समाधानकारक नाही. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावर तयार केलेल्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजांनाही मान्यता मिळाली. जुलै २०२२ मध्ये नागरिकांना रात्रंदिवस ध्वज ठेवण्याची मुभा आली. त्याच ऑगस्टमध्ये ‘हर घर तिरंगा’ मोहिमेने तो घरोघरी पोहोचला. गरिबाच्या हाती स्वस्त झेंडा यावा, यास कोणाचाच विरोध असणार नाही. खादीच्या प्रमाणित ध्वजाची किंमत शाळकरी मुलाला परवडत नव्हती, हेही खरे. पण नागरिकाला दिलेली सवलत राज्यसंस्थेने स्वतःसाठीही घ्यावी काय, हा खरा प्रश्न आहे. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत आणि हुबळीजवळच्या बेंगेरीत ज्या हातांनी हे कापड विणले आणि शिवले, त्या हातांचे काम हे ध्वजाच्या अर्थाबाहेरचे नव्हते. चक्राने चरख्याची जागा घेतली तेव्हा चरखा कापडात उतरून राहिला होता. तो कापडातूनही गेला, तर १९४७ च्या तडजोडीचा एक पक्ष उरतच नाही. घरावर, सायकलीवर, मुलाच्या हातात कोणतेही कापड चालावे. संसद, न्यायालये, जिल्हा कचेऱ्या आणि भिलाईसारखे सार्वजनिक क्षेत्रातील कारखाने यांवरील ध्वज मात्र हातसुताचाच असला पाहिजे, आणि दुरुस्ती पुन्हा करून संहितेत तसे लिहिले पाहिजे. प्रचंड उंचीचे खांब आणि त्यांवरची विशाल कापडे उभारण्याची चढाओढ आज शहराशहरांत दिसते. वाऱ्याने ती फाटतात, मग नवी आणावी लागतात, आणि हातसुताचा पुरवठा तेवढा नाही म्हणून कृत्रिम धागा आणावा लागतो. उंचीचा हा सोस झेंड्याच्या नात्याला मानवणारा नाही. दोनशे-तीनशे फुटांवरचा ध्वज कोणाच्याही खांद्यावर येत नाही.

राहिला प्रश्न भाषेचा. संविधानाच्या हिंदी अनुवादासाठी जी समिती होती तिचे अध्यक्ष घनश्यामसिंह गुप्त हे दुर्गचेच. मध्यप्रांत-वऱ्हाड विधानसभेचे ते अध्यक्ष होते, आणि त्याच काळात नागपुरात डॉ. रघुवीर प्रशासनासाठी संस्कृतनिष्ठ परिभाषा घडवीत होते. राज्यकारभार देशी भाषांत आणावयाचा ही त्या पिढीची जिद्द होती. तिचे ऋण मान्य करूनही एक गोष्ट नोंदविली पाहिजे की, त्या परिभाषेने नागरिकाला पुष्कळदा स्वतःच्याच भाषेत परका केले. ध्वजसंहितेचे तेच झाले आहे. ती वाचतो तो अधिकारी. झेंडा विकत घेतो तो नागरिक. या दोघांच्या मध्ये १९७१ चा राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अवमानास प्रतिबंध करणारा कायदा उभा आहे, आणि त्याची भाषाही शिक्षेची आहे. समजावून सांगणारे असे मध्ये काही नाही.

परिणाम सोळा ऑगस्टला दिसतो. कागदाचे, प्लॅस्टिकचे आणि पॉलिएस्टरचे झेंडे गटारांच्या कडेला, दुचाकींच्या आरशांवर, झाडांच्या फांद्यांवर आठवडेच्या आठवडे लोंबतात. यांतील क्वचितच कोणी अवमान करावयाच्या हेतूने टाकलेले असतात. फाटका वा मळका ध्वज लावून ठेवू नये, तो एकांतात, शक्यतो जाळून, त्याचा मान राखून नाहीसा करावा, असे संहिता सांगते. पण हे ठाऊक असणारी घरे किती? ज्या मुलखात जुना पालो दरवर्षी विधिपूर्वक उतरविला जातो आणि नवा चढविला जातो, तेथे झेंड्याला आयुष्य असते, तो जुना होतो, त्याला निरोप द्यावा लागतो, हे लोकांना नव्याने शिकवावयास नको. ते त्यांना त्यांच्या शब्दांत सांगितलेले नाही, इतकेच.

त्यासाठी मोठा ग्रंथ नको, समितीही नको. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक झेंड्यासोबत हाताएवढी एक छापील चिठ्ठी द्यावी. छत्तीसगढात ती छत्तीसगढीत आणि हिंदीत असावी, महाराष्ट्रात मराठीत असावी, गोंडी, हलबी, कोरकू बोलणाऱ्यांच्या तालुक्यांत त्या त्या भाषेत असावी. झेंडा कसा लावावा, कसा उतरवावा, घडी कशी घालावी, फाटला तर काय करावे, एवढ्या चार गोष्टी तीत पुरेत. विद्यापीठांच्या भाषाविभागांनी हे काम अंगावर घ्यावे, कारण प्रत्येक भाषेत ‘उतरविणे’ आणि ‘निरोप देणे’ यांना आधीच कोणते शब्द रुळले आहेत, हे कचेरीपेक्षा त्यांना अधिक कळते. मराठी चिठ्ठीत ‘राष्ट्रध्वजाचे आरोहण’ असे न लिहिता ‘झेंडा लावताना’ असे लिहावे.